फोटोतले विमान कोणते?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेने अमृतमहोत्सव साजरा केला. गाव बुलडाणा जिल्ह्यातले, मेहकरच्या बाजूचे. शाळेतून शिकून सैन्यात, पोलिसांत, हवाई दलात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा एक फलक लावायचा, असे ठरले. माझे थोरले काका हवाई दलात होते. त्यामुळे समितीची माणसे आमच्याकडे आली आणि ट्रंकेतला एक फोटो घेऊन गेली. तळहाताएवढा, काळा-पांढरा, कडा कातरलेला. विमानाच्या दाराजवळ चार तरुण उभे आहेत, त्यांतले दुसरे काका. दोन दिवसांनी समितीने फोटोखाली छापायचा मजकूर मला वाचून दाखवला : ‘१९४७ च्या काश्मीर युद्धात श्रीनगरला सैन्य पोहोचवणाऱ्या डाकोटा विमानासोबत.’

हे वाक्य त्यांनी मनाने रचलेले नव्हते. आमच्या घरात लहानपणापासून आम्ही तेच ऐकत आलो होतो. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, ते मात्र कोणाला आठवत नव्हते. काका जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचे नोकरीचे कागद वाळवीने खाल्ले होते. मी जन्मभर इतिहास शिकवला. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न मुलांना विचारून विचारून माझी हयात गेली. आता तोच प्रश्न घरच्या फोटोला विचारायची वेळ आली होती. मजकूर छापायला मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत मी जे शिकलो, ते आज आपल्याला सांगणार आहे. लढाऊ विमानांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. माणसे, धान्य, औषधे, दारूगोळा वाहणाऱ्या छोट्या विमानांविषयी फार थोडे. पण त्यांच्या अंगावरच्या रंगांत, खुणांत आणि आकड्यांत आपल्या देशाचा इतिहास नोंदवलेला आहे. वाचता आला पाहिजे इतकेच.

सुरुवात करू त्या गोल खुणेपासून. लष्करी विमानाच्या पंखांवर आणि अंगावर एकात एक वर्तुळे असलेली खूण असते. विमान कोणत्या देशाचे, हे तिच्यावरून लांबूनच कळते. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ रोजी पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, तेव्हा त्याच्या विमानांवर ब्रिटिशांचीच खूण होती : बाहेर निळे, मध्ये पांढरे, आत लाल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या लाल ठिपक्याने घोटाळा केला. जपानी विमानांवर लाल गोळा असे. धावपळीत आपलाच माणूस आपल्याच विमानावर गोळी झाडायचा. म्हणून या भागातल्या विमानांवरून लाल रंग काढून टाकण्यात आला आणि निळ्या छटा तेवढ्या राहिल्या.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण हवाई दलाच्या नावातला ‘रॉयल’ हा शब्द लगेच गेला नाही. तो १९४५ मध्ये मिळाला होता आणि प्रजासत्ताक होईपर्यंत, म्हणजे २६ जानेवारी १९५० पर्यंत, टिकला. खूण मात्र आधीच बदलली होती. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत आपल्या विमानांवर निळे अशोकचक्र होते. प्रजासत्ताकाबरोबर आजची तिरंगी वर्तुळे आली : बाहेर हिरवे, मध्ये पांढरे, आत केशरी.

आता आमच्या फोटोकडे या. काळ्या-पांढऱ्या फोटोत केशरी आणि हिरवा हे दोन्ही रंग करडेच दिसणार. पण चक्राला आरे असतात. पांढऱ्यावर निळे आरे काळ्या-पांढऱ्या फोटोतही बैलगाडीच्या चाकासारखे उठून दिसतात. मी भिंग घेऊन बसलो. काकांच्या उजव्या खांद्यामागे खूण अर्धी दिसत होती. बाहेर गडद कडे, मध्ये पांढरे कडे, आत करडा ठिपका. आरे नव्हते.

म्हणजे हा फोटो १९५० च्या आधीचा नाही. श्रीनगरची मोहीम १९४७ ची. मजकुरातले साल तिथेच कोसळले.

पण फोटो नंतरचा असला, तरी विमान तेच असू शकेल की! काका १९४७ मध्ये त्या विमानावर असतील आणि फोटो पुढे कधीतरी काढला असेल. हा युक्तिवाद माझ्या धाकट्या भावाने केला, आणि तो चुकीचा नव्हता. म्हणून डाकोटाची कुळकथा पाहणे भाग पडले.

डाकोटा हे मूळचे अमेरिकेतले डग्लस कंपनीचे प्रवासी विमान, डीसी-३. पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चे. महायुद्धात त्याचे लष्करी रूप दहा हजारांच्या घरात बनले आणि ब्रिटिशांनी त्याला डाकोटा हे नाव दिले. दोन इंजिने, पंख पोटाशी, शेपटाखाली छोटे चाक. त्यामुळे जमिनीवर उभे असताना ते नाक वर करून बसलेल्या बैलासारखे दिसे. सुमारे पंचवीस-तीस माणसे किंवा अडीच-तीन टन माल ही त्याची ताकद. युद्ध संपले तेव्हा अशी कितीतरी विमाने हिंदुस्थानात पडून होती. त्यांची डागडुजी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात झाली. तो कारखाना डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने उभा केला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. पुढे सरकारने तो ताब्यात घेतला, युद्धकाळात अमेरिकी सैन्याने तेथे आपली विमाने दुरुस्त केली. त्या दुरुस्तीतून तयार झालेले कारागीर स्वतंत्र भारताच्या कामी आले.

हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९४६ मध्ये डाकोटा मिळाली. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून पहिली शीख पलटण घेऊन विमाने निघाली. धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की टोळीवाल्यांच्या, याचीही खात्री नसताना ती श्रीनगरला उतरली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. हवाई दलाची विमाने अपुरी होती, म्हणून खासगी कंपन्यांची डाकोटा विमानेही आपापल्या कंपनीच्या रंगांत या फेऱ्यांत उतरली. युद्धाला गेलेल्या विमानांचा गणवेशसुद्धा एक नव्हता, इतक्या घाईत हे सगळे झाले. पुढे २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डाकोटा लेहच्या वाळूत उतरवली. उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, आणि त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नाही.

डाकोटाचा आपल्या जिल्ह्याशीही संबंध आहे, आणि तो मला या शोधातच कळला. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार डाकोटा निघायच्या, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायच्या, थैल्यांची अदलाबदल करायच्या आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायच्या. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढून पाहा. ती चिखली आणि मेहकर यांच्या मधून जाते. ज्या काळात आमच्या गावात वीज नव्हती, त्या काळात रोज रात्री डोक्यावरून एक डाकोटा पूर्वेला जात असे आणि उत्तररात्री एक पश्चिमेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचे काम पडणार आहे.

आता रंगाकडे वळू. फोटोतले विमान चकचकीत आहे. काकांच्या शेजारच्या माणसाची सावलीच नव्हे, तर प्रतिबिंबही त्याच्या अंगावर पडले आहे. म्हणजे उघडा धातू, रंग नाही. त्या काळात आपली बहुतेक वाहतूक विमाने अशीच चंदेरी असत. रंगाला वजन असते, आणि वाहतूक विमानात रंगाचे वजन म्हणजे तेवढा माल कमी. शत्रूच्या विमानांची भीती नसेल तर लपण्याची गरज नाही, मग अंगभर रंग कशाला? छताला मात्र पुष्कळ विमानांवर पांढरा रंग देत. त्याचे कारण वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. एप्रिल लागला की आपण घरावरच्या टिनांना चुना मारतो, तेच कारण. उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या आत भट्टी होते. पांढऱ्या छताने ती थोडी निवते. खिडक्यांच्या रांगेवरून एक निळी पट्टी जात असे. आणि वैमानिकासमोर, नाकाच्या वरच्या बाजूला काळा मंद रंग असे, चकचकीत पत्र्याची तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून. क्रिकेटचे काही खेळाडू डोळ्यांखाली काळी पट्टी ओढतात ना, तसे.

फोटो घेऊन मी खामगावच्या एका परिचितांकडे गेलो. तेही हवाई दलात तंत्रज्ञ होते. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “सर, हा दांडा काय आहे?”

दारामागून एक तिरका दांडा वर गेलेला होता. मी तो शिडीचा भाग समजत होतो.

“शिडी वर कुठे जाईल? वर काहीच नाही. हा पंखाचा टेकू आहे. पंख छतावर आहे, म्हणून तो फोटोत नाही. डाकोटाचा पंख खाली असतो, त्याला असा टेकू नसतो. हे डाकोटा नाहीच. हे ऑटर आहे.”

ऑटर! हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ऑटर म्हणजे पाणमांजर. कॅनडाच्या डी हॅविलंड कंपनीचे हे विमान १२ डिसेंबर १९५१ रोजी पहिल्यांदा उडाले. एकच इंजिन, सहाशे अश्वशक्तीचे. नऊ-दहा माणसे किंवा टनभर माल. वेग बेताचाच. पण त्याचा गुण वेगळा होता. त्याला धावपट्टी फार थोडी लागायची. कॅनडातल्या तळ्यांवर, बर्फावर, जंगलातल्या मोकळ्या जागेत उतरण्यासाठीच ते बनवलेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या हवाई दलाने ते घेतले, आणि त्याचे मोठे काम होते ते ईशान्येकडच्या डोंगरांत. त्या भागाला तेव्हा नेफा म्हणत, आज तो अरुणाचल प्रदेश आहे.

नेफात रस्ते नव्हते. सीमेवरच्या चौक्या, आसाम रायफल्सची ठाणी, त्यांच्या आसपासची गावे हे सगळे आठ-आठ दिवसांच्या पायवाटेवर. त्यांना मीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल पोहोचायचे ते वरून. डाकोटा आणि तिच्यासारखी विमाने दरीत शिरायची, ठरलेल्या मोकळ्या जागेवर पोती टाकायची. नाजूक सामान छत्रीला बांधून आणि धान्य तसेच. धान्याचे पोते एका मोठ्या सैल पोत्यात घालतात. आदळल्यावर आतले फाटले, तरी बाहेरच्या पोत्यात दाणे शिल्लक राहतात. ब्रह्मदेशच्या युद्धात वापरलेली ही युक्ती इथेही चालली. जिथे एखादी छोटी पट्टी तयार झाली, तिथे ऑटर उतरायचे. जाताना मीठ आणि टपाल, येताना आजारी माणूस. १९६२ च्या युद्धात वालाँगसारख्या ठिकाणी याच छोट्या विमानांनी माणसे आणि सामान नेले आणि जखमींना परत आणले.

त्या काळातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पॅकेट नावाचे दोन शेपट्यांचे अमेरिकी विमान आपल्याकडे होते. लडाखच्या उंचीवर त्याची दोन इंजिने पुरेनात, म्हणून त्याच्या पाठीवर एक छोटे जेट इंजिन बसवले. माणसाने खांद्यावर मूल घ्यावे, तसे ते दिसे. असे विमान २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीच्या पायथ्याशी दौलत बेग ओल्डी येथे उतरवले. उंची पाच हजार मीटरांहून जास्त. इतक्या उंचावर जगात कुठे असे विमान उतरलेले नव्हते. पुढे ती पट्टी बंद पडली. चार दशकांहून अधिक काळानंतर ३१ मे २००८ रोजी तेथे पुन्हा विमान उतरले, ते आन्तोनोव्ह-३२. उतरवणारे होते ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर, आणि स्क्वाड्रन तेच, ४८ क्रमांकाचे.

‘डाकोटा’ हा शब्द आमच्या घरात कसा आला असेल, याचे उत्तर बहुधा १९७१ मध्ये आहे. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी बांगलादेशातल्या टांगाइलजवळ आपली एक पलटण छत्रीने उतरली. मोठी आन्तोनोव्ह-१२, पॅकेट, कॅरिबू आणि म्हाताऱ्या डाकोटा, अशी सुमारे पन्नास विमाने या कामाला होती. पलटण होती २ पॅरा. तिचे मूळ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे, आणि नावापुढे ‘मराठा’ लागत असे. त्यांनी पुंगली पूल घेतला, माघार घेणाऱ्या फौजेची वाट अडवली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरलेल्या तुकड्यांत ही पलटण होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत डाकोटाचे नाव त्या आठवड्यात पोहोचले. आमच्याही पोहोचले असणार.

या टांगाइलच्या उडीत फोटोचाही एक किस्सा आहे. उडीचा प्रत्यक्ष फोटो हाताशी नव्हता. म्हणून लष्कराच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने आग्र्याच्या जुन्या सरावाचा, पूर्ण ब्रिगेडच्या उडीचा फोटो वृत्तपत्रांना दिला. आकाशभर छत्र्या. जगभरच्या पत्रांनी पाच हजार सैनिक उतरल्याचे छापले. उतरले होते एक हजाराच्या आत. ढाक्यातल्या सेनापतींच्या मनोधैर्यावर त्या आकड्याचा परिणाम झाला, असे युद्धाच्या अभ्यासकांनी लिहिले आहे. फोटो खराच होता, फक्त दिवस दुसरा होता. हे वाचले तेव्हा मला आमच्या ट्रंकेतल्या फोटोचे हसू आले. शत्रूला चकवायला असे केले तर ती युद्धनीती. शाळेच्या भिंतीवर केले, तर ते मुलांना चकवणे होते.

डाकोटाची जागा घेण्यासाठी अ‍ॅव्रो-७४८ आले. ते कानपूरला बांधले गेले. तेथील मेंटेनन्स कमांडचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल हरजिंदरसिंग हे हवाई दलात अगदी खालच्या पदावरून, हवाई सिपाही म्हणून, वर चढलेले. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरच्या पहिल्या अ‍ॅव्रोने उड्डाण केले. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी वर्षभरापूर्वी टोकियोत अचानक वारले होते. त्यांची आठवण म्हणून त्या विमानाला ‘सुब्रतो’ हे नाव दिले. पांढरे छत, निळी पट्टी, खाली चंदेरी, हा वेश अनेकांनी पाहिला तो अ‍ॅव्रोवर. कारण मोठमोठे पुढारी दौऱ्यावर यायचे ते अशाच विमानांतून.

ऑटरनंतर आले डॉर्निअर-२२८. मूळ जर्मन, पण हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात तयार होणारे. येथे बांधलेले पहिले डॉर्निअर १९८६ मध्ये उडाले. हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल या तिघांनीही ते घेतले, आणि त्याला तीन वेगवेगळे वेश मिळाले. गोव्यात दाभोळीजवळून जाताना नौदलाची डॉर्निअर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. दिल्लीच्या ज्या ४१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ऑटर उडवली, त्याने पुढे डॉर्निअर घेतले. पण स्क्वाड्रनचे नाव बदलले नाही. ते ‘ऑटर्स’च राहिले. विमान गेले, नाव मागे राहिले.

१९८४ पासून आन्तोनोव्ह-३२ येऊ लागली. शंभराहून अधिक घेतली. उंचावरच्या विरळ हवेत ताकद पुरावी म्हणून त्यांना दणकट इंजिने दिली आणि मोठे पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून ती पंखांच्या वर चढवली. हळूहळू या विमानांचा चंदेरी-निळा थाट गेला आणि राखाडी रंग आला. कारण सोपे आहे. आता खांद्यावरून सोडता येणारी क्षेपणास्त्रे आहेत, वाहतूक विमानालाही लपावे लागते. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात यातल्या एका विमानाच्या इंधनात दहा टक्के जैविक तेल मिसळले होते. ते मोगली एरंडाच्या बियांपासून काढलेले. आपल्या बांधांवर जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून जे कुंपणाला लावतो, तेच झाड.

याच विमानाने आकड्याचे महत्त्व दाखवून दिले. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले के-२७४३ हे विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. शोध लागला नाही. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, समुद्रतळाशी सुमारे ३,४०० मीटर खोलीवर अवशेषांची छायाचित्रे मिळाली. त्या भागात तशा प्रकारचे दुसरे कोणतेही विमान पडल्याची नोंद नव्हती, यावरून ते के-२७४३ ठरले. २९ घरांना उत्तर मिळाले ते एका नीट ठेवलेल्या नोंदीमुळे.

आणि आता सी-२९५. अ‍ॅव्रोची जागा घेण्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार झाला. १६ स्पेनमध्ये आणि ४० वडोदऱ्याला टाटा-एअरबसच्या कारखान्यात. पहिले विमान १३ सप्टेंबर २०२३ रोजी सेव्हिल येथे ताब्यात घेतले ते तेव्हाचे हवाई दलप्रमुख विवेक राम चौधरी यांनी, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावच्या सुपुत्राने. ते गेले ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे, ज्याने अ‍ॅव्रो वापरली होती. हा कारखाना नागपूरला का नाही, यावर २०२२ मध्ये महाराष्ट्रात बराच वाद झाला. आपण तो वाद ऐकला, पण हे विमान कशाच्या जागी आले, ते फारसे कोणी विचारले नाही.

आणखी एक विमान सांगतो. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेले एक जुने डाकोटा उडत उडत भारतात आले. वडील डाकोटाचे वैमानिक असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिले. त्याचे नाव परशुराम आणि अंगावर आकडा व्हीपी-९०५. हा आकडा २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला गेलेल्या पहिल्या डाकोटाचा. हे विमान ते नव्हे. पण हवाई दलाने तसे उघड सांगून, आठवण म्हणून तो आकडा रंगवला आहे. आठवण आणि पुरावा यांत फरक असतो, आणि तो सांगितला की आठवणीला काही कमीपणा येत नाही.

आठव्या दिवशी मला एक गोष्ट सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. मी शाळेत गेलो आणि दाखल-खारीज रजिस्टर मागितले. काकांची जन्मतारीख १९३५ सालची निघाली. म्हणजे श्रीनगरला डाकोटा उतरली तेव्हा काका बारा वर्षांचे होते आणि याच शाळेच्या बाकावर बसत होते. मी गोल खुणा, दांडे आणि इंजिने शोधत जिल्हाभर हिंडलो, आणि पुरावा शाळेच्या कपाटात होता. इतिहासाच्या मास्तरची अशी फजिती व्हावी, यात गैर काही नाही.

घरी येऊन काकूंना सांगितले. त्यांना वाईट वाटेल, अशी मला धास्ती होती. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “लढाईचं त्यांनी कधी म्हटलंच नाही. तुमीच म्हनत होते सारे. ते म्हनायचे, आमी डोंगरात मीठ टाकाले जातो. मी म्हने, मीठ कोनी इमानातून टाकते का!” मग थोड्या वेळाने : “लहानपनी रात्री गावावरून इमान जाये म्हने. खाटेवर पडून ऐकत राहायचे. तवाच ठरवलं होतं त्यांनी.”

ते विमान म्हणजे नागपूरची टपाल. चौदा वर्षांचा मुलगा अंगणात खाटेवर पडून ऐकत असणार. डाकोटा त्यांच्या आयुष्यात होती, पण लढाईतली नव्हे, पत्रे वाहणारी.

शाळेच्या फलकावर आता काकांच्या फोटोखाली असे लिहिले आहे : ‘भारतीय हवाई दलाच्या ऑटर विमानासोबत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर. या विमानांनी ईशान्य सीमेवरच्या चौक्यांना अन्न आणि औषधे पोहोचवली.’ समितीतल्या एकदोघांना ते फिके वाटले. फलकाच्या उद्घाटनाला काकू आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “मिठाचं लिहिलं का?”

मी म्हणालो, अन्न लिहिले आहे.

“मीठ लिहा,” काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेवढी दुरुस्ती करून घेतली.

आपल्या घरातही असे फोटो असतील. कुणाचे हवाई दलातले, कुणाचे रेल्वेतले, कुणाचे धरणावरचे. ज्यांना माहिती आहे ती माणसे आहेत तोवर त्यांच्यापुढे फोटो धरा, विचारा आणि जे सांगतील ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.